पुस्तकाची पायरी, वाचकाची नव्हे

१

साहित्याच्या अभ्यासात आपण ज्याला वाचक म्हणतो तो बहुधा तयार झालेला वाचक असतो. रससिद्धान्तातला सहृदय घ्या किंवा अलीकडच्या समीक्षेतला, अर्थनिर्मितीत सहभागी होणारा वाचक घ्या. तो आपल्यासमोर येतो तेव्हा त्याला अक्षरे लावता येत असतात, वाक्य पेलता येत असते, पुस्तक निवडता येते आणि नावडले तर मिटून ठेवता येते. हे सारे तो कोठे व कसे शिकला, हा प्रश्न आपण शिक्षणशास्त्राच्या विभागाकडे सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखाचा रोख ह्या सोयीस्कर वाटणीविरुद्ध आहे. सहा ते दहा ह्या वयात मुलाच्या हाती कोणते पुस्तक येते, ते त्याला पेलते की नाही, आणि ते त्याने निवडलेले असते की त्याच्यावर लादलेले, ह्यावर त्या भाषेला पुढे वाचक लाभणार की नाही हे बव्हंशी अवलंबून असते.

परिस्थिती किती गंभीर आहे हे समजण्यासाठी दोन आकडे पुरेसे आहेत. ‘असर’ ह्या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण शिक्षणाची पाहणी २००५ सालापासून होत आली आहे. तिच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. महासाथीनंतरच्या २०२२च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे १६.३ आणि ३८.५ होते, तेव्हा मधल्या दोन वर्षांत सुधारणा झाली हे मान्य केलेच पाहिजे. तरीही पाचवीतली निम्म्याहून अधिक मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत, आणि त्यांच्या दप्तरात पुस्तके मात्र पाचवीची असतात, ही वस्तुस्थिती उरतेच. म्हणजे ही मुले रोज सकाळी उठून आपल्याला न वाचता येणारे पुस्तक उघडतात. वर्षानुवर्षे असे घडल्यावर ‘वाचन हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष मुलाने काढला, तर त्याच्या तर्कशक्तीला दोष देता येणार नाही.

२०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु वाचता येऊ लागलेल्या मुलाने पुढे काय वाचायचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतली दोन अशी की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही सूत्रे आपण विद्यापीठीय ग्रंथालयांच्या संदर्भात शिकवत आलो. त्यांची खरी कसोटी प्राथमिक शाळेच्या कपाटापाशी लागते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मुलांच्या पुस्तकांना पायऱ्या असाव्यात. त्या पायऱ्या त्या त्या भाषेच्या लिपीतून, व्याकरणातून आणि बोलींतून काढलेल्या असाव्यात. इंग्रजीच्या मापाने मोजलेल्या नसाव्यात. आणि पायरी पुस्तकावर लिहावी, मुलाच्या कपाळावर नव्हे.

२

चढत्या क्रमाने वाचायला शिकवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा ‘वर्णपरिचय’ १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात जोडाक्षरे नाहीत. ती दुसऱ्या भागासाठी राखून ठेवली आहेत. पाऊणशे वर्षांनी, १९३० साली, रवींद्रनाथांनी ‘सहज पाठ’ लिहिले, नंदलाल बोस ह्यांनी त्यासाठी चित्रे काढली, आणि तेथेही जोडाक्षरे दुसऱ्या भागात आली. भाषेतला सर्वश्रेष्ठ कवी बालवाचकासाठी अक्षरांची शिस्त पाळतो आणि ती पाळूनही कवीच राहतो, हे भारतीय साहित्याच्या इतिहासातले एक लक्षणीय उदाहरण आहे. मराठीत तर पाठ्यपुस्तकाला ‘क्रमिक पुस्तक’ असेच म्हणण्याची प्रथा पडली. मेजर कँडी ह्यांच्या देखरेखीखालच्या एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांपासून आचार्य अत्रे ह्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’पर्यंत, आणि १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’च्या पुस्तकांपर्यंत, क्रमाचा हा विचार अखंड चालत आलेला दिसतो.

परंतु ह्या क्रमाचे एक गृहीतक होते, ते असे की वर्गातली सगळी मुले एकाच दिवशी एकाच पानावर असतील. क्रम पुस्तकांचा होता. मुलांना त्याच्या चालीने चालायचे होते. ज्याला मागे राहणे भाग पडले त्याच्यासाठी मागचे पुस्तक नव्हते, आणि जो पुढे गेला त्याच्यासाठी पुढचे नव्हते. मुलाच्या चालीने पुस्तक बदलावे ही कल्पना निराळी आहे. गिजुभाई बधेका ह्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक वर्गात गोष्टी सांगून सुरुवात करतो आणि मग पाठ्यपुस्तकाबाहेरच्या पुस्तकांचे वर्गग्रंथालय उभे करतो, तेव्हा तो ह्या दुसऱ्या कल्पनेच्या जवळ आलेला असतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी तोच वारसा भावनगरहून बोर्डी आणि कोसबाडला आणला.

अमेरिकेत ह्या विचाराला मोजमापाची जोड मिळाली. एमेट बेट्स ह्यांनी १९४६ साली वाचनाच्या तीन पातळ्या सांगितल्या. शंभरांतले नव्याण्णव शब्द वाचता आले तर मूल ते पुस्तक एकट्याने वाचू शकते; पंचाण्णव आले तर शिक्षकाच्या मदतीने वाचू शकते; नव्वद किंवा त्याहून कमी आले तर ते पुस्तक त्याला वैफल्याकडे नेते. पुढे १९९६ साली आयरीन फाउंटस आणि गे सू पिनेल ह्यांनी इंग्रजी वर्णमालेच्या अक्षरांनी दाखवलेल्या पुस्तकांच्या पायऱ्या रूढ केल्या. आपल्याकडे एनसीईआरटीने २००८ साली हिंदीत ‘बरखा’ ही चाळीस पुस्तकांची चार स्तरांतली माला काढली. २००४ साली सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने आपल्या पुस्तकांच्या चार पायऱ्या केल्या, आणि २०१५पासून ‘स्टोरीवीव्हर’ ह्या संकेतस्थळावरून त्याच धर्तीवरची पुस्तके अनेक भारतीय भाषांत खुली झाली. ह्या कामाचे मोल मोठे आहे. माझा आक्षेप ह्या प्रयत्नांना नाही. पायरी मोजण्याचे माप आपण पुरेसे तपासलेले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

३

इंग्रजीतली प्रसिद्ध मोजमापे दोन गोष्टी मोजतात : वाक्याची लांबी आणि शब्दाची लांबी. रुडॉल्फ फ्लेश ह्यांचे १९४८चे सूत्र ह्याच दोहोंवर उभे आहे. इंग्रजीत ते बऱ्याच अंशी चालते, कारण तेथे छोटे शब्द बहुधा घरगुती आणि लांब शब्द बहुधा ग्रीक-लॅटिन वळणाचे असतात. मराठीत काय होते ते पाहू.

हिंदीतले साधे वाक्य घ्या : ‘मेरे घड़े में पानी है’. शब्द पाच, जोडाक्षर एकही नाही. मराठीत ते असे होईल : ‘माझ्या घड्यात पाणी आहे’. शब्द चार, पण पहिल्या दोन शब्दांत दोन जोडाक्षरे. शब्द मोजणाऱ्याला मराठी वाक्य सोपे वाटेल. वाचणाऱ्या मुलाला ते अवघड जाईल. हा योगायोग नव्हे. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, आणि त्या रूपांतरात ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होते, ‘घोडा’चे ‘घोड्यावर’, ‘तो’चे ‘त्याच्या’. म्हणजे मूळ शब्द मुलाला ओळखीचा असला, तो पाटीवर लिहिलेला त्याने पाहिलेला असला, तरी वाक्यात तो निराळा चेहरा घेऊन येतो. हिंदीतून मराठीत आलेल्या अनुवादित पुस्तकाबरोबर त्याची पायरीही तशीच चालत आली, तर ती फसवी ठरण्याचा संभव मोठा आहे.

ह्यावर सोपा उपाय सुचतो : आरंभीच्या पुस्तकांतून जोडाक्षरेच वगळावीत. बंगालीत विद्यासागरांनी तेच केले. मराठीत हा उपाय अर्ध्यापर्यंतच जातो. जोडाक्षर टाळायचे तर ‘त्याने’ लिहिता येत नाही, ‘माझ्या’ लिहिता येत नाही, आणि जिच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही ती ‘म्हणाला’ ही क्रियाही लिहिता येत नाही. मग उरतात काना-मात्रा नसलेल्या शब्दांची, आज्ञार्थी, अर्थाने विस्कळीत वाक्ये : मगन, फणस धर, छगन, गवत बघ. अक्षरे सोपी, पण असे कोणी कोणाशी बोलत नाही. शिवाय काना-मात्रेच्या अभावाने सोपे ठरवलेले ‘कनक’, ‘वदन’, ‘जलद’ असे शब्द मुलाच्या कानावर कधी पडलेले नसतात. उलट ‘म्हणाला’ हा शब्द त्याने आजीच्या तोंडून हजारदा ऐकलेला असतो. एकदा दाखवला की मूल तो अक्षर अक्षर न लावता सबंध ओळखते. तेव्हा मराठीत शब्दाचा अवघडपणा ठरवताना डोळ्याला काय दिसते ह्याबरोबरच कानाला काय परिचित आहे हेही मोजावे लागेल; आणि ह्या दोहोंत कानाचा हिस्सा मोठा आहे असे माझे मत आहे.

२०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला वाद ह्या दृष्टीने आठवण्यासारखा आहे. जोडाक्षरांमुळे मराठी संख्यानामे मुलांना जड जातात म्हणून ‘त्र्याहत्तर’सारख्या नामांबरोबर ‘सत्तर तीन’ अशी मांडणी त्या पुस्तकात सुचवली होती. चर्चा झाली ती मुख्यतः परंपरा आणि अस्मिता ह्यांभोवती. परंतु ‘सत्तर’मध्येही जोडाक्षर आहेच, ‘त्र्याहत्तर’मध्ये खरी अडचण आहे ती ‘त्र्या’ची, कारण तिथे तीन व्यंजने एका खुणेत दडली आहेत आणि ‘तीन’शी त्यांचे नाते डोळ्याला दिसत नाही. कोणते जोडाक्षर पारदर्शक आहे आणि कोणते नाही, ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधला र, ‘राष्ट्र’मधला र आणि ‘सुऱ्या’मधला र ही एकाच वर्णाची चार रूपे मुलाने कोणत्या क्रमाने भेटावीत, असे प्रश्न त्या निमित्ताने विचारता आले असते. ते आजही विचारता येतील.

मापाची आणखी एक गंमत. अमेरिकन शाळांत पाच बोटांची पद्धत प्रचलित आहे : मुलाने एक पान वाचावे, अडेल त्या शब्दाला एक बोट मिटावे, पाचही बोटे मिटली तर पुस्तक ठेवून दुसरे घ्यावे. पद्धत सोपी आहे, मुलाच्या हातात आहे, म्हणून मला ती आवडते. परंतु पानावर सुमारे शंभर शब्द असतील तरच ती बेट्स ह्यांच्या मापाशी जुळते. मराठी चित्रपुस्तकाच्या पानावर अनेकदा वीस-पंचवीस शब्द असतात. वीस शब्दांत पाच अडले, म्हणजे पुस्तकाचा चौथा हिस्सा अंधारात गेला. अशा पुस्तकासाठी एक बोट पुरे. दुसरे मिटले तर मदत मागावी, तिसरे मिटले तर पुस्तक दुसऱ्याकडून ऐकावे. शिवाय ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द पुष्कळ भाषांत तीन-चार शब्दांचे काम करतो. तो अडला म्हणजे नेमके किती अडले, हेही ठरवावे लागेल.

४

आतापर्यंत आपण मुलाच्या घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा एकच आहे असे धरून चाललो. वस्तुतः महाराष्ट्रातल्या फार मोठ्या संख्येच्या मुलांबाबत हे खरे नाही. खानदेशातल्या घरात मुलगी ही ‘आंडेर’ असते, मालवणी घरात ‘चेडू’ असते. सातपुड्यात आणि गडचिरोलीत तर पावरी, कोरकू, गोंडी अशा निराळ्या भाषाच घरात असतात. पाठ्यपुस्तक मात्र सर्वांना ‘मुलगी’ म्हणते. कानाच्या ओळखीला मोठे स्थान द्यायचे असेल तर एकच पुस्तक पुण्यात पहिल्या पायरीचे आणि धडगावात तिसऱ्या पायरीचे ठरू शकते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

ह्यातून चूक कशाला म्हणायचे हा प्रश्नही उभा राहतो. पानावर ‘ती मुलगी हुशार आहे’ असे असताना एखादी मुलगी ‘ती पोरगी हुशार हाय’ असे वाचते. मोजणारा दोन चुका लिहितो. पण ह्या मुलीने छापील वाक्य वाचले, समजून घेतले आणि आपल्या बोलीत अनुवादित करून उच्चारले. तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक ज्या क्रियेला पुढे आयुष्य वाहतो, ती क्रिया ह्या मुलीने आठव्या वर्षी सहज केली. तिला खालच्या गटात बसवणे हा अन्याय आहे, आणि वाङ्मयीन दृष्टीने अडाणीपणाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांची अडचण नेमकी उलट असते. इंदूर, हैदराबाद, वडोदरा, दिल्ली येथील मराठी घरांत मूल मराठी बोलते, पण शाळेत वाचते ते हिंदी, तेलुगू, गुजराती किंवा इंग्रजी. हिंदीमुळे देवनागरी ज्याला येते, त्याला ‘ळ’ नवा असतो आणि ‘चार’ व ‘चारा’ ह्यांतल्या ‘च’चा फरक लिपी सांगत नाही, तरी दुसरीच्या मुलासाठी लिहिलेले मराठी पुस्तक त्याला पाचवीत रुचत नाही, कारण त्याचे मन पाचवीचे असते. म्हणजे अक्षरांची पायरी एक, भाषेची दुसरी आणि आशयाची तिसरी. एका आकड्यात ह्या तिन्ही मावणार नाहीत. मराठी पुस्तकावर तीन लहान खुणा असाव्यात असे मी सुचवेन : अक्षरे किती गुंतागुंतीची, शब्द कितपत परिचित, आणि विषय कोणत्या वयाला भावणारा.

५

आता निवडीकडे वळू. पायरी कितीही अचूक मोजली तरी ती मुलाला चिकटली की तिचे विष होते. वर्गात ‘हा अक्षरगटातला’, ‘ही परिच्छेद गटातली’ असे उल्लेख सर्रास ऐकू येतात. पाहणीसाठी, काही आठवड्यांच्या अध्यापनासाठी असे गट करणे उपयुक्त आहे. ‘प्रथम’ने पातळीनुसार शिकवण्याचे जे काम केले त्याचे फळ दिसलेले आहे. परंतु गट हा मुक्काम होता कामा नये. आपल्या समाजात माणसाला जन्मतः पायरीवर बसवण्याची सवय जुनी आहे. पुस्तकाच्या निमित्ताने तिला नवे निमित्त मिळू नये. स्वतः फाउंटस आणि पिनेल ह्यांनीही आपली अक्षरे शिक्षकाच्या उपयोगासाठी आहेत, मुलाची ओळख म्हणून नव्हेत, असे पुढे स्पष्ट केले.

मुलाला निवडायला मदत करणे म्हणजे त्याच्यासाठी निवडणे नव्हे. पुस्तके मुखपृष्ठे दिसतील अशी, मुलाच्या हाताला लागतील अशा उंचीवर मांडावीत. मुलाने दोन-तीन उचलावीत, चाळावीत, एक पान वाचून पाहावे, बोटे मिटावीत. शिक्षकाने एवढेच विचारावे : पुढे काय होईल असे वाटते? उत्तर आले तर पुस्तक जुळले. न आवडलेले पुस्तक अर्धवट सोडण्याची मुभा असावी. सोडलेले पुस्तक ही निवड शिकण्याची फी आहे. एखाद्या मुलाला सापांचे किंवा क्रिकेटचे वेड असेल, तर तो आपल्या पायरीच्या वरचे पुस्तक ओढून घेईल आणि अडखळत का होईना, वाचेल. त्याला अडवू नये. आणि मोठ्या मुलाने धाकट्याचे पुस्तक चौथ्यांदा वाचले तर हसू नये. पाठ झालेल्या पुस्तकावरच वाचनाचा वेग येतो.

बेट्स ज्या पातळीला वैफल्याची म्हणतात, तिच्यासाठी आपल्या परंपरेत फार चांगले नाव आहे : श्रवण. मराठी घरांत पोथी एक जण वाची आणि बाकीचे ऐकत. हरिपाठ म्हणत वाढलेले वारकऱ्याचे पोर ‘ज्ञानदेव’ हा शब्द छापलेला पाहते तेव्हा त्यातला ‘ज्ञ’ त्याला अडवीत नाही, कारण कान आधीच तेथे पोहोचलेला असतो. तेव्हा प्रत्येक मुलाच्या वाट्याला एका वेळी तीन पुस्तके यावीत : एक स्वतः वाचण्याचे, एक कोणाच्या सोबतीने वाचण्याचे, आणि एक, त्याच्या पायरीच्या खूप वरचे, नुसते ऐकण्याचे. तिसऱ्या पुस्तकामुळे मुलाला कळते की जिना कोठे जातो.

ह्या साऱ्याला पुस्तके हाताशी हवीत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. अनेक शाळांत ते आहेही, पण मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात. कारण सरळ आहे : पुस्तक हरवले किंवा फाटले तर नोंदवहीपुढे उत्तर द्यावे लागते ते शिक्षकाला, न वाचले गेलेल्या पुस्तकाबद्दल कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. ह्या जबाबदारीची दिशा बदलल्याशिवाय पायऱ्यांचा सारा विचार कागदावर राहील. वाचून फाटलेले पुस्तक हा खर्च म्हणून मान्य झाला पाहिजे.

६

ह्या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पायऱ्यांच्या नादाने साहित्य पाणचट होईल; साने गुरुजी किंवा भा. रा. भागवत पायऱ्या मोजून लिहीत नव्हते. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. शब्दांची यादी समोर ठेवून लिहिलेली गोष्ट बहुधा गोष्ट राहत नाही. परंतु पायरी ही लेखनाची सक्ती नसून निवडीची खूण असावी. माधुरी पुरंदरे ह्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग पाहावेत. तेथे मराठी साहित्यातलेच वेचे बालगट आणि कुमारगट अशा वयाच्या अंदाजाने निवडले आहेत, त्यांना चित्रांची जोड दिली आहे. साहित्य सोपे करून वाढलेले नाही. निवड हाही साक्षेपी वाङ्मयीन व्यवहार आहे, हे ह्या पुस्तकांवरून दिसते.

दुसरा आक्षेप असा की, मुलांना मोकळे सोडावे, ती आपापले पुस्तक शोधतील. ज्या घरात पुस्तकांची भिंत आहे तेथे हे खरे आहे. ज्या घरात पहिले पुस्तक शाळेतून येते, तेथे मोकळीक म्हणजे एकाकीपण. शिवाय आपल्या भांडारातच मधल्या पायऱ्या विरळ आहेत. चिमुकल्यांसाठी चित्रपुस्तके आता चांगली निघतात. कुमारांसाठी ‘गोट्या’ आणि ‘फास्टर फेणे’ ह्यांची परंपरा आहे. पण नुकते वाचू लागलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी, छोट्या प्रकरणांची, मोठ्या टाइपातली, खरी गोष्ट सांगणारी पुस्तके त्या मानाने फारच थोडी आहेत. जुन्या पुस्तकांचे पुनर्मुद्रण करावे तर १९६२च्या लेखनविषयक नियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार तेथे जागोजाग आहेत. आजच्या मुलाला त्या प्रत्येक ठिपक्यापाशी थबकावे लागते. अशी पुस्तके आजच्या लेखननियमांनुसार काळजीपूर्वक संपादून काढणे हे शिक्षणखात्याइतकेच भाषाविभागांचेही काम आहे.

७

मराठीपुरते बोललो, परंतु हा प्रश्न ह्या नियतकालिकात मांडण्याचे कारण त्याचे भारतीय स्वरूप हे आहे. तमिळमध्ये जोडाक्षरांचा जाच जवळजवळ नाही, पण बोलण्याची आणि लिहिण्याची तमिळ इतकी दूर आहेत की मुलाच्या कानाला पुस्तक परके वाटते. मलयाळममध्ये संधीने शब्द लांबतात. बंगालीत जोडाक्षरांचे आकार मूळ वर्णांपासून फार दूर गेलेले असतात. म्हणजे प्रत्येक भाषेचा जिना निराळ्या ठिकाणी उभा चढतो. तो कोठे उभा चढतो हे इंग्रजीच्या सूत्रातून कळणार नाही. भाषांची परस्परांशी तुलना केल्यानेच कळेल. आणि तुलना हा तर आपला व्यवसाय आहे.

म्हणून विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांपुढे तीन कामे ठेवतो. पहिले, सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या प्रत्यक्ष बोलण्यातून, निरनिराळ्या बोलींच्या प्रदेशांत, परिचित शब्दांचे संग्रह तयार करावेत. त्यांवाचून पायरी मोजण्याला आधार नाही. दुसरे, बालसाहित्याची परीक्षणे संशोधनपत्रिकांत नियमितपणे यावीत. साहित्य अकादमीने २०१०पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार दिला. त्या पुरस्कारप्राप्त पुस्तकांची गंभीर चिकित्सा आपल्या पानांवर किती झाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. तिसरे, ज्या गावात विद्यापीठ आहे त्या गावच्या एका प्राथमिक शाळेचे कपाट प्रत्येक भाषाविभागाने आपले मानावे, त्यातली पुस्तके मुलांबरोबर वाचावीत आणि त्यांवरच्या खुणा मुलांच्या अनुभवाने दुरुस्त कराव्यात.

हे काम आपल्या प्रतिष्ठेला साजेसे नाही असे कोणाला वाटेल. त्यांनी एवढाच हिशेब करावा. आज तिसरीत असलेली मुलगी दहा वर्षांनी महाविद्यालयात येईल, तेव्हा आपण तिला मराठी कादंबरीच्या रूपबंधावर व्याख्यान देऊ. ती ऐकायला वर्गात असेल की नसेल, हे ह्या वर्षी तिच्या हाती पडलेल्या पुस्तकाने ठरवलेले असेल.